पडत्या ओसरीचे छायाचित्र

जुन्या गावाची छायाचित्रे घेत हिंडणे हा उद्योग आता इतका सुलभ झाला आहे की, त्यास छंद म्हणावे असेही कोणाच्या मनात येत नाही. पूर्वी कॅमेरा बाळगणारा मनुष्य गावात एखादाच असे, आणि त्याच्यापुढे बसावयाचे म्हणजे ठेवणीतील अंगरखा पेटीतून काढावा लागे. आता ते यंत्र ज्याच्या त्याच्या खिशात असते, आणि ज्याच्यावर ते रोखावयाचे त्याची संमती विचारण्याची रीतही राहिलेली नाही. साधन असे सोपे झाल्यापासून काय टिपावे आणि कोणासाठी टिपावे, हा प्रश्न मात्र अवघड झाला आहे. शिरपूरच्या जुन्या गल्ल्यांतून आम्ही काही वर्षे हा उद्योग करीत आहो. त्यावरून आमचे जे मत झाले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

शिरपूर हे प्रेक्षणीय गाव म्हणून कोणास ठाऊक नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस तापी, गावालगत अरुणावती आणि जवळून गेलेला मुंबई-आग्रा रस्ता. प्रवासी येथे थांबलाच तर चहापुरता थांबतो. तालुक्यातील ज्या स्थळाचे नाव इतिहासात आहे ते थाळनेर. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ती पहिली राजधानी. त्यांच्या कबरी तेथे अद्याप आहेत, आणि तेथील किल्ला 1818 साली इंग्रजांनी घेतला. अशा स्थळांकडे कॅमेऱ्याचे लक्ष फार पूर्वीच गेले. हेन्री कझिन्स यांच्या दक्षिणेतील मध्ययुगीन देवळांवरील 1931 सालच्या ग्रंथात धुळे जिल्ह्यातील बलसाण्याच्या देवळांस जागा मिळाली आहे, व ते योग्यच झाले. परंतु देवळासमोरच्या ओट्यावर बसून वाती वळणारी बाई अशा ग्रंथात सापडावयाची नाही. देऊळ दगडाचे असल्यामुळे आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकते. ओटा आणि बाई या दोघांनाही तितका अवकाश नसतो.

पश्चिमेकडे ही जाणीव लवकर झाली. ग्लासगो शहरातील कोंदट वस्त्या पाडण्याचा कायदा 1866 साली झाला, आणि पाडण्यापूर्वी त्यांचे चित्रण करण्याचे काम टॉमस ॲनन या छायाचित्रकाराकडे आले. त्या काळी काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे. त्यामुळे त्या चित्रांत भिंती व दोरीवरची धुणी स्वच्छ उमटली आहेत, आणि हलणारी मुले मात्र धुरकट झाली आहेत. पॅरिस येथे युजीन आत्जे या गृहस्थाने 1927 साली मरण येईपर्यंत जवळजवळ तीस वर्षे जुन्या गल्ल्या, दुकाने, जिने आणि फेरीवाले टिपले. जपानात नागाई काफू या लेखकाने टोकियोच्या जुन्या गल्लीबोळांतून पायी हिंडून 1914-15 च्या सुमारास त्यांवर निबंध लिहिले. पुढे 1923 च्या भूकंपाने व 1945 च्या बाँबवर्षावाने त्या शहराचा मोठा भाग जळून गेला.

आमच्या गावावर भूकंप झाला नाही की बाँब पडला नाही. येथील जुने गाव जाते ते एकेका धाब्याने. खानदेशात पाऊस बेताचा आणि ऊन अनावर. धाब्याचे घर ही या दोहोंवर काढलेली तोड होती. सागाच्या खांबांवर तुळया, तुळयांवर सरे, सऱ्यांवर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा जाड थर. वैशाखात बाहेर झळा लागत असता आत गारवा राही. तेच धाबे दिवसा बिबडे आणि कुरडया वाळविण्याचे अंगण असे, आणि रात्री सर्व कुटुंबाची निजण्याची जागा. परंतु दर वर्षी मृगापूर्वी त्यावर नवी माती घालावी लागे. माती आणावयास बैलगाडी पाहिजे, आणि धाब्यावर चढावयास घरात तरणी माणसे पाहिजेत. मुले सुरतेस किंवा पुण्यास गेली, बैल विकले गेले, आणि धाबे गळू लागले.

अशाच एका घराची कोरीव चौकट टिपण्यात आम्ही गढलो असता, ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध बाईंनी आम्हास अहिराणीत ऐकविले, “पाऊसमा या भाऊ, तवय काढा फोटू. दर सालले गळस हाई घर!” बाईंच्या स्वरात राग नव्हता. आम्ही हातातील यंत्र खाली केले आणि ओसरीवर बसून त्यांची हकीकत ऐकली. मुलाच्या मनात घर पाडून सिमेंटचे बांधावयाचे होते. बाईंचीही त्यास संमती होती. त्यांना हळहळ वाटत होती ती एकाच गोष्टीची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा पांगलेले सारे भाऊबंद याच ओसरीवर जमत. माणसे मोजून, त्यांच्या त्यांच्या नावाने मुठीमुठीने गहू घ्यावयाचे, त्याचे रोट करावयाचे, आणि ते भाऊबंदांनी मिळून खावयाचे, अशी आमच्याकडची चाल आहे. वर्षभर कुलूप असलेली कितीतरी घरे तेवढ्या दिवसापुरती उघडतात. नव्या घरात खोल्या पुष्कळ होतील. पण साऱ्यांनी एका पंगतीस बसावे एवढी ओसरी त्यात नव्हती.

पडक्या भिंतीवर तिरपे ऊन आले की ती सुंदर दिसते यात संशय नाही. परंतु त्या सौंदर्यासाठी बाईंनी गळक्या छपराखाली आणखी चार पावसाळे काढावेत, अशी इच्छा धरणे ही निव्वळ निर्दयता होय. जुने घर जाणार, व पुष्कळदा ते गेलेलेच बरे. टिपावयाचे ते त्या घरात चालणारे जगणे, आणि तेही चालू असताना. चौकटीची नक्षी उद्या मुंबईच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातही पाहावयास मिळेल. रोटाच्या पिठावर वाकलेल्या पाच जावा तेथे मिळणार नाहीत. म्हणून पुढच्या श्रावणात, बाईंचे निमंत्रण घेऊन, आम्ही ती पंगत टिपली.

दुसरी गोष्ट नावगावाची. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून जमविलेली दप्तरे धुळ्यास त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जपलेली आहेत. ज्या कागदावर मिती नाही आणि कोणी कोणास लिहिले हे नाही, तो कागद अभ्यासकास किती छळतो, हे अशा दप्तरांत बसलेल्या कोणासही विचारावे. छायाचित्राचेही तसेच आहे. खाली नाव, गल्ली व तारीख नसेल, तर आपलीच आजी तीस वर्षांनी ‘खानदेशातील एक वृद्धा’ होऊन बसते. त्या पंगतीच्या चित्रामागे आम्ही बाईंच्या सांगण्यावरून सर्वांची नावे नात्यासकट लिहून घेतली. त्यांतील तीन माणसांची नावे घरातल्या तरुण सुनेस ठाऊक नव्हती. तिने ती त्या दिवशी प्रथम ऐकली.

ज्यांच्या घरी अशी ओसरी अद्याप उभी आहे, त्यांनी छायाचित्रकाराची वाट पाहू नये. खानदेशचे विख्यात छायाचित्रकार केकी मूस यांनी चाळीसगावच्या आपल्या घरात राहून, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून जगाची दृश्ये उभी केली. तेवढी प्रतिभा सर्वांना कोठून असावयाची? परंतु आपल्याच घरी रोट कोण लाटते आणि धाब्यावर बिबडे कोण घालते, हे टिपावयास प्रतिभेची गरज नाही. चित्र कागदावर उतरवावे, मागे शाईने नावे घालावीत, आणि एक प्रत त्या माणसांस द्यावी. त्या बाईंच्या घराचे काम गेल्या फाल्गुनात पुरे झाले. छप्पर आता गळत नाही. आणि देवघराशेजारी, भिंतीवर, नावांसह ती पंगत लावलेली आहे.