आफियत

गेल्या मे महिन्यात माझे पित्ताशयाच्या खड्यांचे ऑपरेशन झाले. दुर्बिणीचे होते, म्हणून तिसऱ्या दिवशी घरी आले. ताप नव्हता, टाके कोरडे होते. येणारे जाणारे म्हणत, "अल्लाहचा करम, सुटलीस." पण खरा त्रास पुढेच होता आणि तो सांगायचा कसा, हे कळत नव्हते. पाच दिवस माझे पोट साफ झाले नव्हते.

आमचे घर दोन खोल्यांचे. संडास बाहेरच्या खोलीला लागून. आजाऱ्याची इयादत करणे सवाबचे काम. त्यामुळे सकाळपासून माणसांची रीघ. सासरे तिथेच दिवाणावर बसलेले. त्या सर्वांसमोरून उठून जायचे, आणि आत वेळ लागला तर? मी दाबून पडून राही. जोर केला तर टाके उसवतील ही धास्ती वेगळीच. उठावे लागू नये म्हणून पाणीही कमी पीत होते.

ड्रेसिंगच्या वेळी डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि सरळच विचारले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "मॅडम, वर्गात मुलाला समजलं नाही आणि तो गप्प बसला, तर तुम्हाला चालतं का?"

मग त्यांनी कारणे सांगितली. भूल दिली की आतडी सुस्तावतात. दुखणे थांबवणारी ट्रॅमाडॉलची गोळी त्यांना आणखी सुस्त करते. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्या, अंथरुणावर पडून राहणे, कमी पाणी, यांचीही भर पडते. उपाय साधे होते: घरातल्या घरात फेऱ्या, भरपूर पाणी, पपई, ज्वारीची भाकरी, झोपताना पेलाभर पाण्यातून इसबगोल. गोळी त्यांनी बदलून दिली. बजावले, "जोर करू नका. पण पोट फुगलं, उलट्या झाल्या, वाराही सरला नाही, तर इसबगोल घेत बसू नका. लगेच या."

इसबगोल हा शब्द फारसीतला. अस्प म्हणजे घोडा. बी घोड्याच्या कानासारखे दिसते म्हणून हे नाव. शब्दाचा अर्थ मला ठाऊक होता, औषधाचा आता कळला.

घरी येऊन मी यांना सगळे सांगितले. दुसऱ्या दिवसापासून अब्बा फजरची नमाज झाली की वर्तमानपत्र घेऊन बाहेर ओट्यावर बसू लागले. कोणी काही बोलले नाही. पाहुण्यांनाही ते तिथेच बसवून घेत.

सातव्या दिवशी मोकळी झाले. बाहेर येताना, लहानपणी अम्मीने पाठ करून घेतलेली दुआ ओठांवर आली: ज्याने तकलीफ दूर केली आणि आफियत दिली, त्या अल्लाहचे आभार. तीस वर्षे ही दुआ म्हणत आले. त्या दिवशी आफियत या शब्दाशी थांबले. डोळे भरून आले.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. वर्गात एका मुलीने करंगळी वर केली, तशी बाकीच्या हसल्या. पूर्वी मी म्हणत असे, "अभी तो छुट्टी हुई थी, बैठ जाओ." किती मुलींना असे बसवले असेल! शाळेत जावे लागू नये म्हणून कित्येक मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे मला काय माहीत नव्हते?

मी म्हटले, "जाओ बेटा." आणि हसणाऱ्या मुलींना त्या तासाला धडा बाजूला ठेवून आतड्यांचे काम समजावून सांगितले.