हिवतापाचा परजीवी, त्याचे वंश आणि औषधांचे यशापयश

प्लाझ्मोडियम फाल्सिपेरम हा हिवतापाचा सर्वांत घातक परजीवी माणसाच्या रक्तात गुणसूत्रांच्या एकाच संचानिशी स्वतःच्या प्रती काढत वाढतो. मात्र डासाच्या पोटात त्याच्या नर व मादी पेशींचे मीलन होते आणि तेथे दोन भिन्न वंशांची जनुके पत्त्यांसारखी नव्याने पिसली जातात. जेथे डास वारंवार चावतात तेथे एकाच रुग्णाच्या रक्तात असे अनेक वंश एकत्र नांदतात, आणि त्या सर्वांना एकच औषध सारखेच लागू पडेल याची शाश्वती नसते.

क्लोरोक्विनचा इतिहास हेच दाखवतो. परजीवी तांबड्या पेशीतील हिमोग्लोबिन आपल्या अन्नपोकळीत पचवतो, त्यातून सुटणारे विषारी हीम स्फटिकरूपात साठवून निरुपद्रवी करतो आणि क्लोरोक्विन नेमकी हीच क्रिया रोखते. सातव्या गुणसूत्रावरील पीएफसीआरटी या जनुकापासून अन्नपोकळीच्या आवरणातील एक वाहक प्रथिन तयार होते. त्यातील ७६व्या स्थानी लायसिनऐवजी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल आले, आणि जोडीला आणखी काही बदल झाले, की हे प्रथिन औषधालाच पोकळीबाहेर काढू लागते. असा प्रतिकार १९५०च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि कोलंबियात दिसला, १९७३ मध्ये आसामात नोंदवला गेला आणि त्याच दशकाच्या अखेरीस आफ्रिकेत पोहोचला.

मलावीने १९९३ मध्ये क्लोरोक्विनचा वापर थांबवला, तेव्हा औषधाला बळी पडणारे वंश तेथे पुरते नामशेष झालेले नव्हते. औषधाचा दाब उठताच ते पुन्हा फोफावले आणि साधारण दशकभरात क्लोरोक्विन तेथे पुन्हा गुणकारी ठरले. परजीवीच्या विविधतेकडे केवळ शत्रूचे बळ म्हणून पाहण्याची सवय किती अपुरी आहे, हे या एका देशाने सिद्ध केले.

याउलट, प्रतिकार वारंवार जन्मला तो कंबोडियाच्या पश्चिमेकडील पैलिनसारख्या भागात, जेथे संसर्ग विरळ आणि वंश थोडे आहेत. याचे एक पटण्याजोगे स्पष्टीकरण असे की, तेथील लोकांत प्रतिकारशक्ती कमी असल्याने लागण झालेला बहुतेक प्रत्येक जण आजारी पडून औषध घेतो, तर रक्तात प्रतिस्पर्धी वंश नसल्याने तगलेला परजीवी बिनविरोध पसरतो. आर्टेमिसिनिनला दाद न देणारा परजीवी याच टापूत आढळला. औषध सुरू करून तीन दिवस उलटल्यावर घेतलेल्या रक्तनमुन्याच्या काचपट्टीवर एरवी परजीवी क्वचितच सापडतो. येथे मात्र तांबड्या पेशींत त्याची कोवळी, अंगठीसारखी रूपे अजूनही दिसत होती. पुढे याचा संबंध तेराव्या गुणसूत्रावरील केल्च-१३ या जनुकातील बदलांशी जोडला गेला. हे बदल झालेला परजीवी कोवळ्या अवस्थेत हिमोग्लोबिन कमी गिळतो, त्यामुळे आर्टेमिसिनिनला सक्रिय करणारे हीमही कमी सुटते. थोडक्यात, तो उपाशी राहून तग धरतो.

स्थानिक परजीवींची जनुके पाहून औषध निवडण्याच्या विचाराचे मोल भारतात प्रत्यक्ष धोरणात दिसले. आर्टेमिसिनिन गटातील आर्टेसुनेटबरोबर दिले जाणारे सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन हे जोडऔषध परजीवीच्या फोलेटनिर्मितीवर घाव घालते. ईशान्येकडील परजीवींत त्याला निष्प्रभ करणारे जनुकबदल साचल्यामुळे २०१३ मध्ये तेथे आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावे लागले, तर उर्वरित देशात जुनी जोडी कायम राहिली. फाल्सिपेरमचा जोर असलेल्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यातही औषधाची निवड देशाच्या सरासरीवर सोडणे योग्य नव्हे, कारण गाळणकागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही तेथील परजीवींची जनुके वाचता येतात.

ही निगराणी आता तातडीची झाली आहे. रवांडा व युगांडा येथे केल्च-१३ मधील बदल आग्नेय आशियातून न येता स्वतंत्रपणे उद्भवले आहेत. वंशांची दाटी आफ्रिकेला पुरेसे संरक्षण देईल, हा भरवसा त्यामुळे डळमळला आहे.