वरची फट

प्लॅनोग्राम म्हणजे दुकानातल्या फळ्यांवर माल कसा मांडायचा याचा आराखडा. त्याच्या पडद्यावर शेल्फ कुठेही थांबतं. धरा, वर ओढा, ४१२ मिलिमीटरवर सोडा. ते तिथेच राहतं. दुकानातलं लोखंड असं वागत नाही. उभ्या खांबाला ठरावीक अंतरावर खाचा असतात आणि ब्रॅकेट खाचेतच अडकतो. मी ज्या रॅकवर आयुष्य काढलं त्यांतल्या बऱ्याच रॅकना हे अंतर ५० मिलिमीटर, काहींना २५. म्हणजे ५० च्या खाचेत ४०० किंवा ४५०, मधलं काही मिळत नाही. खाचेचं अंतर, पहिली खाच जमिनीपासून कुठे सुरू होते, फळीची जाडी, पायाची उंची हे सगळं या धंद्यातला माणूस पहिल्या महिन्यात भरायला शिकतो. त्यावर मला लिहायचं नाही. मला लिहायचं आहे ते मालाचा माथा आणि वरच्या फळीचा तळ यांच्यामधल्या फटीबद्दल. सॉफ्टवेअरमध्ये तिला बोटांची जागा म्हणतात. एवढ्या वर्षांत माझं मन या एका आकड्यावर कधीच स्थिर झालं नाही.

उदाहरण घेते. बाटली २६८ मिलिमीटर उंच, फळी ३० जाड, खाच ५० ची. दोन फळ्यांत ३०० ठेवलं तर मोकळी उंची २७०. बाटली बसते, वर दोन मिलिमीटर उरतात. बोटांची जागा शून्य ठेवली असेल तर पडद्यावर सगळं हिरवं दिसतं, कुठेही इशारा येत नाही. पुढची खाच घेतली की ३५०, मोकळी उंची ३२०, फट ५२. खाच २५ ची असती तर ३२५ मिळालं असतं आणि फट २७. खरेदी विभागाला अर्थातच ३०० हवं असतं, कारण प्रत्येक फळीवर अशी एक-एक खाच वाचवली की वर आणखी एक फळी बसते आणि त्या फळीवर विकायला जागा मिळते. माझी सगळी नोकरी या एका खाचेवरून भांडण्यात गेली असं म्हटलं तरी चालेल.

भांडण मी बहुधा जिंकायचे. दोन बोटं आडवी जातील एवढी फट हवी, हा माझा नियम होता. मोजपट्टी नसली तरी दुकानात उभं राहून तपासता येतो, म्हणून मला तो आवडायचा. पण यंदा माझा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या वर जाईना, आणि ज्या फळ्यांवरून मी नुसत्या नजरेने फिरायचे त्यांच्यासमोर मला थांबावं लागलं. वरून दुसऱ्या फळीवरची बाटली घ्यायची तर मी ती उचलू शकत नव्हते. फक्त पुढे कलवून ओढू शकत होते. कलवायला किती जागा लागते हे मी पहिल्यांदाच कागदावर मांडलं. २६८ उंच आणि ८० खोल बाटली पुढच्या कडेवर कलली की तिचा मागचा वरचा कोपरा वर जातो. कर्ण निघतो जवळपास २८०. म्हणजे नुसतं कलवायलाच १२ मिलिमीटर हवेत. बोटं आत घालायची जागा वेगळी. आणि फळीला पुढे तारेचा कठडा असेल तर सगळंच बदलतं, कारण मग बाटली आधी कठड्याच्या वर उचलायला हवी. ३० मिलिमीटरचा कठडा असेल तर दोन मिलिमीटरच्या फटीतून बाटली निघतच नाही. २७ च्या फटीतूनही नाही. ५२ ची फट असेल तरच निघते, तीही हात धड असेल तर.

म्हणजे कठड्याची उंची आणि बोटांची जागा हे दोन गुणधर्म खरं तर एकाच हिशेबाचे आहेत. सॉफ्टवेअरच्या तक्त्यात मात्र ते एकमेकांपासून लांब, वेगळ्या गटांत असतात. कठडा चित्रात दिसतो, मालाच्या खालच्या भागावर एक रेघ उमटते आणि तिथेच त्याचं काम संपतं. तो मालाच्या माथ्यावरची जागाही मागतो, हे मांडणी करणाऱ्यालाच लक्षात ठेवावं लागतं. तसंच किमतीच्या पट्टीचं. पट्टी फळीच्या कडेपेक्षा उंच असली तर ती खाली लोंबते आणि खालच्या मालाच्या तोंडाशीच काही मिलिमीटर खाते. मागे मोजलं तर फट भरपूर असते, पुढून हात घालायला जावं तर नसते. म्हणून मी आता फळीची जाडी ३० भरत नाही. पट्टीसकट मोजते आणि तोच आकडा जाडी म्हणून भरते. शुद्ध मोजमापवाल्यांना हे पटत नाही. पण हात पुढून जातो, मागून नाही.

खालच्या फळ्यांची अडचण वेगळी. तिथे हात वरून, तिरपा येतो. माल भरलेला असतो तोवर काही जाणवत नाही. संध्याकाळी शेवटच्या दोन रांगा उरतात आणि त्या मागे असतात, तेव्हा ४७० मिलिमीटर खोल फळीत कोपरापर्यंत हात घालावा लागतो आणि मनगटाचं हाड वरच्या फळीच्या कडेला घासतं. इथे फट वाढवण्यापेक्षा वरची फळी कमी खोल घेणं शहाणपणाचं. खाली ४७०, वर ३७०; पुढचे शंभर मिलिमीटर उघडे राहतात आणि हात सरळ खाली जातो. एकाच गोंडोलावर, म्हणजे दुकानातल्या रॅकवर, फळ्यांची खोली वेगवेगळी ठेवायला कुणी फारसं तयार नसतं, कारण सुटे भाग दोन मापांचे ठेवावे लागतात. मी तरी ते मागत राहते.

आता इथेच माझा नियम मोडतो. फट म्हणजे एक आकडा नव्हे. ती जमिनीपासूनच्या उंचीवर अवलंबून आहे, फळीच्या खोलीवर, कठड्यावर, मालाच्या उंचीवर आणि आकारावर, आणि शेवटी हातावर. यातले पहिले चार गुणधर्म भरायला जागा आहे. हाताचा गुणधर्म भरायला जागा कुठेच नाही. फिक्स्चरचा, म्हणजे रॅकचा, तक्ता आहे, वस्तूचा आहे, दुकानाचा आहे. गिऱ्हाइकाच्या खांद्याचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर नोंदवली आहे. तिचे डोळे साधारण १४० सेंटिमीटरवर येतात. ज्याला ‘डोळ्यांच्या पातळीची फळी’ म्हणून जास्त पैसे मागितले जातात ती पुष्कळदा तिच्या भुवयांच्या वर असते. बाहेरच्या देशांत उंच माणसांसाठी ठरलेले फळ्यांच्या उंचीचे पट्टे आपण जसेच्या तसे उचलले आणि इथल्या बाईला टाचा उंचावायला लावल्या. डाळ-तांदूळ, साबण, मसाला, घरातलं सगळं तीच तर घेते.

आमच्या आधीच्या पिढीचं दुकान आठवून बघा. किराणा दुकानात फळ्या होत्याच, अगदी छतापर्यंत, आणि डबे एकावर एक ठासून भरलेले. तिथे फटीची गरज नव्हती, कारण हात दुकानदाराचा होता. त्याला प्रत्येक डब्याची जागा पाठ असायची. शिडी, काठी, पोऱ्या, सगळं हाताशी. फटीचा प्रश्न सुरू झाला तो गिऱ्हाईक काउंटरच्या आत आलं तेव्हापासून. क्लॅरेन्स साँडर्सने १९१६ साली अमेरिकेत मेम्फिसला ‘पिगली विगली’ काढलं, लोकांना टोपली देऊन स्वतःच्या हाताने माल घ्यायला लावलं आणि पुढच्याच वर्षी या पद्धतीचं पेटंट मिळवलं. मुंबईत ‘अपना बाजार’ची संस्था १९४८ ची, गिरणगावातली. ग्राहकाची स्वतःची संस्था, हा तिचा विचार. त्या विचारातून पुढे फळीवरचा मालही ग्राहकाच्या हाताला लागायला हवा, हे ओघानेच आलं, असं मला वाटतं. आपण आज मोजतो ती प्रत्येक फट त्या हाताची आहे.

हे मी आमच्याकडे नव्याने आलेल्या मुलाला सांगत होते. मुलगा बार्शीकडचा, हुशार, मला ताई म्हणतो. त्याने एक छोटी आज्ञावली लिहिली आहे. ती फळ्यांच्या सगळ्या शक्य उंच्या तपासते आणि सर्वांत जास्त नग बसतील अशी रचना काढून देते. माझ्या हाताने दुपार जायची ते काम काही क्षणांत होतं. खाचा बरोबर धरलेल्या, जाडी बरोबर, जोडलेल्या फळ्यांवर माल सलग नेलेला, जिथे शेजारच्या दोन बेच्या, म्हणजे रॅकच्या दोन खणांच्या, फळ्या एका उंचीवर नाहीत तिथे तोडलेला. काम चोख. फक्त बोटांची जागा सगळीकडे २०. मी विचारलं, २० का? तो म्हणाला, ताई, काहीतरी ठेवायला हवं ना. त्याचं चूक नाही. त्याला शिकवणाऱ्या कुणीच त्याला हात घालून बघायला पाठवलेलं नाही.

पुण्यात आणि बंगळुरात आज अशी कितीतरी मुलं परदेशातल्या दुकानांचे प्लॅनो करतात. अमेरिकेच्या गोंडोलाला चार फुटी बे आणि इंचाइंचावर खाचा. ही मुलं दिवसभर इंचांत काम करतात आणि त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो रॅक प्रत्यक्ष पाहिलेला नसतो. त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. माझं दुःख वेगळं आहे. पूर्वी आराखडा करणारा आणि फळी लावणारा एकाच दुकानात भेटायचे. फळी बसली नाही की फिटर शिव्या घालायचा, आणि त्या शिव्यांतून पुढचा आराखडा सुधारायचा. आता फळी बसली नाही तर दुकानातली पोरं मुकाट एक फळी काढून टाकतात, उरलेल्या सरकवतात, माल कसाबसा लावतात, फोटो पाठवतात आणि काम संपतं. त्याच पोरांच्या बदलांत खरी माहिती असते. ती परत येत नाही. मोठ्या कंपन्यांचे लोक स्वतःच्या मालाची मांडणी आयती घेऊन येतात तेव्हा तर मला राग येतो. त्यांच्या आराखड्यात माल फळीला टेकेपर्यंत भरलेला असतो, कारण रिकामी जागा दिसली की तिथे दुसऱ्याचा माल येईल ही त्यांना भीती. गिऱ्हाइकाला तो काढता येईल का, हा त्यांचा प्रश्नच नाही.

माझ्या अभिमानाबद्दलही सांगायला हवं. मला रांगेची रेघ आवडते. बारा बेच्या रांगेत फळ्या एकाच उंचीवर आल्या, टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ दिसली की मला जे समाधान मिळतं त्याला गिऱ्हाइकाच्या सोयीचा आधार नाही. रेघ राखायला मी काही ठिकाणी दोन खाचा फुकट घालवल्या आहेत आणि खरेदीवाल्यांना वेगळीच कारणं दिली आहेत. मी शिकले तेव्हा या कामाचं सॉफ्टवेअर जेडीए होतं, २०२० मध्ये त्याचं नाव ब्लू यॉन्डर झालं. नावं बदलली, माझी रेघ तीच राहिली. दुसऱ्या कुणाच्या दुकानात गेले तरी मी पहिल्यांदा रेघ बघते, मग मालावर बोटं ठेवून फट मोजते, आणि मनात त्या न पाहिलेल्या माणसाला गुण देते. माझा प्लॅनो नाव न वाचता ओळखता यावा, ही इच्छा मला आजही आहे. ती गेलेली नाही आणि मला घालवायचीही नाही.

त्या मुलाने मग सुचवलं की फटीचा नियमच आज्ञावलीत घालू. उंची, खोली, कठडा आणि वस्तूचा कर्ण घेऊन प्रत्येक फळीची फट काढू. हे ऐकून मला आधी आनंद झाला नाही. हे काम माझ्या बोटांत होतं आणि ते तिथेच राहावं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानात घेऊन गेले. आता आम्ही दोघं मिळून आकडे ठरवतो आहोत. खांद्याच्या वरच्या फळीवर कठडा नको. काच तिथे ठेवायचीच नाही, म्हणजे कठड्याची गरज उरत नाही. मधल्या फळ्यांवर दोन बोटं पुरतात. गुडघ्याखाली फट कमी चालेल, पण वरची फळी कमी खोल हवी. पीठ, साखर अशा पिशव्या बाजूने धरून काढतात, त्यांना वर फार कमी जागा लागते, आणि तिथे वाचवलेली खाच मी बाटल्यांना देते. लोणच्याच्या रुंद बरण्या, ज्या एका हाताने पकडताच येत नाहीत, त्यांचं उत्तर अजून सापडलेलं नाही. तिथे आम्ही दोघं भांडतो.

या धंद्यात असाल तर एक करा. आराखडा दुकानात पाठवण्याआधी बोटांच्या जागेत शून्य आहे का ते बघा, आणि असेल तर पाठवू नका. मग दुकानात जाऊन वरून दुसऱ्या फळीवरची सगळ्यात मागची बाटली स्वतः काढून बघा. जाताना घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला बरोबर न्या, आणि त्यालाही काढू द्या.