कासवावर पाय नको

वज्रेश्वरी देवीच्या बावन्न पायऱ्यांपैकी एका पायरीवर सोनेरी कासव आहे. लोक तिथे वाकतात, हळदकुंकू वाहतात आणि मागून धावत येणाऱ्या पोराला दटावतात, ‘कासवावर पाय नको!’ भिवंडीच्या शाळेत मी चित्रकला शिकवतो. अंबाडीवरून एसटीने मुलांना इथे आणलं की मी त्यांना कळस काढू देत नाही. कळस म्हटला की मागे डोंगर येतो, डोंगरामागे सूर्य येतो आणि सूर्याच्या शेजारी ते दोन ठरलेले पक्षी. त्यापेक्षा कासव काढा. जवळ बसा, हात लावून बघा.

कासव झालं की दीपमाळ. तिच्या पायथ्याशी उभं राहून वर बघायचं आणि दिसतं तसंच काढायचं. एका मुलीने वरची टोकं इतकी बारीक काढली की ती स्वतःच हसायला लागली. पण तिचं बरोबर होतं, खालून बघताना वरचं आक्रसतंच. म्हणून उंच चौथऱ्यावर पुतळा उभा करायचा असेल तर शिल्पकार डोकं आणि खांदे मापापेक्षा थोडे मोठे धरतो. कार्यशाळेत तो पुतळा बेढब वाटतो, चौकात गेला की नीट दिसतो. वर्गातल्या फळ्यावर हे शिकवून कोणाच्या डोक्यात शिरत नाही. मान दुखल्यावर शिरतं.

तिथेच एकाने विचारलं, “सर, हे कोणी बनवलं?”

मी इतिहास सुरू केला. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला, 1739 मध्ये किल्ला पडला, मग हे देऊळ उभं राहिलं. पायऱ्या आणि दीपमाळ बडोद्याच्या गायकवाडांनी बांधली.

“ते पैसे देणारे झाले. छिन्नी कोणाच्या हातात होती?”

ते नाव माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे देणाऱ्याचं नाव टिकतं, घडवणाऱ्याचं पुसतं, आणि आजच्या चौकातल्या कोनशिलाही याला अपवाद नाहीत. अनावरण करणारा सोनेरी अक्षरांत, शिल्पकार असलाच तर तळाशी कोपऱ्यात. मुलांना मी म्हटलं, चला, नाव माहीत असलेला एक दाखवतो, आणि तोही आपल्या शेजारचा.

गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे सदाशिव साठे म्हणजे भाऊ साठे, कल्याणचे. भिवंडीतून खाडीचा पूल ओलांडला की कल्याण. हे कळल्यावर मुलांचा चेहरा बघण्यासारखा होता. मुंबईतल्या मोठ्या वस्तू मुंबईतल्याच माणसांनी केलेल्या असणार, असं त्यांनी धरून चाललेलं. भाऊ जे. जे.मध्ये शिकले, तरुण वयात दिल्लीच्या चांदणी चौकातला गांधीजींचा पुतळा त्यांनी केला. गेटवेच्या पुतळ्याचं अनावरण 26 जानेवारी 1961 रोजी झालं. त्या परिसरात आधी पाचव्या जॉर्जचा पुतळा होता, तो हलला आणि महाराज आले. भाऊ 2021 मध्ये गेले.

मुलांना घेऊन गेटवेला गेल्यावर मी एवढंच सांगितलं, घोड्याचे किती पाय जमिनीला टेकलेत ते बघा आणि बाकीचं वजन कुठे गेलं ते मला सांगा. बहुतेक मुलं कबुतरांमागे लागली. एक मात्र चौथऱ्याभोवती फिरत राहिला. त्याचे वडील पॉवरलूममध्ये जॉबर आहेत, बंद पडलेला माग उघडून बसवणारे. त्याचा प्रश्न तसाच आला, “सर, आत सळई काय साईजची असेल?”

चित्रकलेच्या शिक्षकाला इतका चांगला प्रश्न क्वचित मिळतो. ब्राँझचा पुतळा भरीव नसतो. आधी मातीत घडवायचा, त्यावरून साचा, साच्यात मेण, आणि मेण वितळून गेलं की त्या पोकळीत धातूचा रस. हाती येते ती काही मिलिमीटर जाडीची कातडी. मोठा पुतळा बहुधा तुकड्यांनी ओतून जोडतात. नानासाहेब करमरकरांनी पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी माझगाव गोदीत एकसंध ओतून घेतला, त्याचं कौतुक अजून होतं ते म्हणूनच. कातडीच्या आत सांगाडा असतो आणि सगळा भार तोच पेलतो. बाहेरचं ब्राँझ हवेने काळवंडतं, हिरवट होतं. तो थर उलट त्याला जपतो. आतल्या साध्या लोखंडाचं तसं नाही. खारं पाणी, शेजारी तांब्याचा धातू, मग लोखंडाला दुप्पट घाईने गंज चढतो.

हे बोलत होतो तेव्हा मालवणच्या राजकोट किल्ल्यावरची घटना ताजी होती. 4 डिसेंबर 2023 ला अनावरण झालेला महाराजांचा पुतळा 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. नौदलाचा कार्यक्रम, पंतप्रधान, टीव्ही, सगळं मुलांनी पाहिलेलं होतं. नऊ महिनेही नाहीत. गेटवेचाही समुद्र खाराच आहे, पाऊस तितकाच, आणि तो पुतळा साठ वर्षांहून जास्त उभा आहे. मला यात राजकारणापेक्षा घाईच जास्त दिसते. मूर्तीचा चेहरा कसा आहे यावर आपण भांडतो, बोल्ट कोणत्या धातूचा आहे हे कोणी विचारत नाही. सार्वजनिक जागी शिल्प करणाऱ्याला मात्र चेहरा आणि बोल्ट दोन्ही सारखेच बघावे लागतात. वज्रेश्वरीच्या त्या अनाम पाथरवटाने शेकडो वर्षांचा पाऊस आणि हजारो पावलं गृहीत धरूनच दगड निवडला असणार.

पुढच्या आठवड्यात मुलांनी गेटवेची चित्रं आणली. एलिमेंटरीच्या परीक्षेला चालतील अशी नीटनेटकी पाच-सहा होती. जॉबरच्या पोराने घोडा मधोमध कापल्यासारखा काढला होता. महाराज वर जेमतेम रेघांनी सुचवलेले, आणि पोटात सळया, आडवे पट्टे, पायांतून चौथऱ्यात उतरणारे बोल्ट. सगळं अंदाजाने, पण प्रत्येक सळई कुठून निघते आणि कुठे पोचते याचा त्याने विचार केलेला होता. मागच्या पायाच्या बोल्टपाशी दुसऱ्याच हातचं, बॉलपेनने लिहिलेलं होतं: ‘इथे डबल नट. नाहीतर हलेल.’

“पप्पांनी लिहिलं,” तो म्हणाला. “खोडू का?”

“राहू दे,” म्हटलं. “आणि त्यांना विचार, पुढच्या सहलीला डोंबिवलीला भाऊंचं शिल्पालय बघायला येतात का.”