परसातले तळे आणि पळणारे मासे

मासा पाण्यात राहतो, असे आपण शाळेत शिकतो. पण ज्याने परसात तळे बांधून रोहू पाळले आहेत, तो हे वाक्य इतक्या ठामपणे उच्चारणार नाही. मासा पाण्यात राहतो खरा, पण राहायचे की नाही हे तो आषाढात एकदा नव्याने ठरवतो!

आमच्या नंदुरबारकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. अशा दिवसांत परसात बारा फूट लांब, आठ फूट रुंद आणि चार फूट खोल असे पाणी असावे, त्यात दहाबारा मासे फिरावेत, यापरते सुख नाही. ते सुख मी भोगतो आहे. मात्र पहिला पाऊस पडला की आमच्या घरातून दरवर्षी एकच प्रश्न येतो, "अहो, तुम्ही तळे बांधलेत की शाळा? रोज कुणीतरी पळतेच आहे!"

मासा उगाच पळत नाही. रोहू, कटला, मृगळ ही सारी नदीची लेकरे. पावसाळ्यात नदी फुगली की ती वाहत्या पाण्यात अंडी घालतात; साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच धरून आणावे लागे. 1957 साली हिरालाल चौधरी यांनी माशांना पियूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्याच्या पाण्यातच त्यांच्याकडून अंडी घालवून घेतली, आणि तुमच्या आमच्या तळ्यांत बोटुकली येऊ लागली. पण अंगातली नदी काही त्या सुईने गेली नाही. पन्हळीचे पाणी तळ्यात धबाधबा कोसळू लागले की माशाला वाटते, पूर आला! मग तो त्या धारेच्या उगमाकडे झेप घेतो आणि तुळशीच्या आळ्यात येऊन पडतो. प्रकाशाकडच्या एका म्हाताऱ्या मासेमाराला मी हे सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला, "भाऊ, नवं पाणी उनं का मासा थांबस नही."

उडीची दुसरी कारणे इतकी काव्यमय नाहीत. उन्हाने तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो, रात्रभर शेवाळही तोच वापरते आणि पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकू लागतात. मांजराचा पंजा, खंड्याची सूर, नव्या जागेची भीती यांनीही मासा उसळतो. मरळीची तर तऱ्हाच निराळी. ती हवेतूनही श्वास घेते, त्यामुळे ओल्या गवतावरून सरपटत जायला तिला भीती कसली?

उपाय साधे आहेत. पाणी काठापासून दीड फूट खाली ठेवावे. पन्हळीचे पाणी नळीने तळ्याच्या बुडाशी सोडावे, वरून कोसळू देऊ नये. सांडव्याच्या तोंडाला जाळीची मोठी पेटी बसवावी. लहान जाळी पानांनी तुंबते आणि पाणी काठावरून माशांसकट निघते. वर बांबूच्या चौकटीवर बारीक घरांचे नायलॉनचे जाळे ताणून बसवावे. सैल सोडले तर त्यात मासा राहतो बाजूलाच, बिचारी धामण अडकते. नवे मासे संध्याकाळी आणावेत, पिशवी पंधरावीस मिनिटे तळ्यात तरंगू द्यावी, मग सोडावेत. आणि घरात लहान मूल असेल तर माशांच्या आधी त्याच्यासाठी कुंपण घालावे.

एवढा खटाटोप दहाबारा माशांसाठी? तसे नाही. जो मासा तुळशीपाशी पडतो, तो एकटाच मरतो. जो सांडव्यातून ओढ्याला लागतो, तो कधी कधी नदी बदलून टाकतो. सिल्व्हर कार्प हा चंदेरी मासा 1959 साली जपानहून भारतात आणला गेला. 1971 साली तो हिमाचल प्रदेशातील गोविंदसागर जलाशयात अपघाताने शिरला आणि पुढे कटल्याला मागे सारून तिथला धनी झाला. अमेरिकेत 1970 च्या दशकात हाच मासा तळ्यांतले शेवाळ खाण्यासाठी नेला. तो तिथून निसटून नद्यांत पसरला, आणि आज मोटारबोटीचा आवाज ऐकला की आठदहा फूट उंच उडून नावाड्यांची तोंडे फोडतो! शिकागोजवळच्या कालव्यात त्याला अडवण्यासाठी विजेचे अडसर घालावे लागले आहेत. जे काम तळ्याच्या काठी चार हात जाळीने झाले असते, त्याला पुढे वीजही पुरी पडेना.

आता याची दुसरी बाजू. आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर नर्मदा आहे. तिच्यातला महाशीर प्रवाहाविरुद्ध वर चढून जाणारा मासा. धरणांनी त्याची वाट अडली आणि तो विरळ झाला. सरदार सरोवराच्या पाण्याने अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. 2019 च्या सप्टेंबरात ते सरोवर 138.68 मीटरपर्यंत प्रथमच भरले. ज्यांची शेते बुडाली, त्यांतल्या काही आदिवासींनी त्याच पाण्यावर मच्छीमार सहकारी संस्था उभ्या केल्या. अडवलेल्या पाण्याची किंमत काय असते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून मला वाटते, कोंडण्याचा अधिकार हा सांभाळण्याच्या कर्तव्यासकट येतो. नदीतून वर चढणारा मासा परसात आणूच नये. परका मासा तर मुळीच आणू नये. जो आणला, त्याला गार पाणी, सावली आणि पहाटेचा श्वास द्यावा. आणि मगच वर जाळे घालावे. तळे चांगले असेल तर ते जाळे वर्षाचे दहा महिने नुसते पाहुण्यासारखे बसून असते. उरलेले दोन महिने पावसाचे. त्या दोन महिन्यांत रोज संध्याकाळी त्याच्या गाठी तपासाव्यात, कारण मासा मात्र त्या तपासल्याशिवाय राहत नाही.