भिंतीआडची गाणी

आवडत्या गाण्यांचा विषय निघाला म्हणजे माणसे एकदम शहाणी होतात. एरवी भाजीच्या भावापलीकडे न जाणारे गृहस्थ मारव्याबद्दल बोलू लागतात. माझ्या नातीला कंपनीचा शिक्का नसलेली गाणी आवडतात. कोणी तरुण मुलगा गिटार घेऊन आपल्या खोलीत बसतो, आपले दुःख आपल्याच शब्दांत म्हणतो, आणि ते गाणे म्हणे जगभर पोचते. नातीने त्यांतली काही मला ऐकवली. वाईट नाहीत, एकदोन तर मनाला लागली. मात्र एक शंका मला राहून राहून येते. तो मुलगा एकटा बसलेला आहे खरा, पण आपल्याला कोणीतरी ऐकणार आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते.

माझी आवडती गाणी मला ऐकवण्यासाठी कोणी म्हटलीच नव्हती. मी ती भिंतीआडून ऐकली.

समोर बसून काहीच ऐकले नाही असे नव्हे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या दिवसांत शाहीर अमर शेख ह्यांचा आवाज मी वडिलांचे बोट धरून ऐकला आहे. बोट सोडून पळत सुटावे आणि कशावर तरी चालून जावे, असा तो आवाज होता. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव दारी येई, तेव्हा त्याच्या चिपळ्यांमागे आम्ही अर्धी आळी फिरून येत असू. पण शाहीर आणि वासुदेव ही दोघेही ऐकणाऱ्यांसाठी गात. हादग्याची गोष्ट थोडी निराळी. मुली पाटावर हत्ती काढून फेर धरीत आणि आम्हां मुलांना तिथून हाकलून देत. खिरापत ओळखण्यापुरती आमची आठवण कोणाला होत असेल तर तेवढीच! तरी ती सारी गाणी आम्हांला पाठ होती. हाकलून दिलेल्या माणसाचे कान तिखट असतात.

सगळ्यांत मनाशी राहिल्या त्या मात्र जात्यावरच्या ओव्या.

आमचे घर कऱ्हाडच्या बाजूला, कृष्णाकाठी. आम्ही पोरे जिथे निजत असू त्या भिंतीला लागूनच पलीकडे जाते होते. पहाटे चारच्या सुमाराला आई आणि थोरली काकी दोघी समोरासमोर बसत. एक खुंटा आणि त्यावर दोघींचे दोन हात. प्रथम नुसती घरघर यायची. ती भिंतीतून वाकळीत आणि वाकळीतून आमच्या बरगड्यांत शिरायची. मग त्या घरघरीवर एकीचा आवाज हलकेच चढे, ओळ टाकी, आणि दुसरी ती उचलून पुढे नेई. मध्येच आवाज थांबला तर समजावे, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडत आहेत. ह्या गाण्याचा ताल कोणी ठरवलेला नव्हता. तो त्या दगडाचा होता. ज्वारी जून असली की ओवीही सावकाश चाले.

दिवाळीच्या आधी आठदहा दिवस तर ही मैफल मध्यरात्रीनंतर लगेच सुरू व्हायची. चकलीची भाजणी, बेसनासाठी हरभऱ्याची डाळ, अनारशांचे तांदूळ, एकामागून एक सुपे रिती होत. भाजणीचा खमंग वास आणि ओवीचा सूर माझ्या डोक्यात असे एकत्र बसले आहेत की, आजही कुणाच्या घरी भाजणी भाजली जात असली म्हणजे मला उगाचच झोपून राहावेसे वाटते. भाऊबीज जवळ येई तसा ओव्यांत भाऊ दाटू लागे. माझ्या आईचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, प्रत्यक्षात अंगाने किरकोळ आणि खिशाने त्याहून किरकोळ; पण जात्यावर तो घोड्यावर बसून यायचा.

ह्या ओवीचे वय मोठे आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद सापडते. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली १२९० साली. म्हणजे आमच्या वाङ्मयाचा एवढा डोलारा ज्या छंदावर उभा आहे, तो तत्त्वज्ञांच्या हाती येण्यापूर्वीच बायकांच्या तोंडी होता. कमलाबाई देशपांडे ह्यांनी स्त्रीगीतांवरच्या आपल्या पुस्तकाला 'अपौरुषेय वाङ्मय' असे नाव दिले. वेदांना लावायचे विशेषण त्यांनी असे गमतीने माजघरात आणून बसवले, ह्याचा मला फार आनंद वाटतो.

काकी दिवसा बोलत नसे. म्हणजे मुकी नव्हे. 'पाणी आण', 'कोंबडं हाकल' एवढे बोले. तिच्या अंगावर काठापदराचे लुगडे किंवा तोंडावर हसू मी सणालाही फारसे पाहिले नाही. आम्ही तिला भीत असू. पण पहाटेची काकी ही बाई निराळीच होती. तिच्या ओव्यांत पंढरीची वाट होती, वनात सोडलेली सीता होती, आणि घरातल्या आम्हां सर्वांची नावे गुंफलेली होती. माझेही नाव एकदा मी तिथे ऐकले. ज्या बाईने आदल्याच दिवशी माझा कान पिरगाळला होता, ती अंधारात माझ्या पायांना जपायला वाटेतल्या खड्यांना विनवीत होती! मी डोके वाकळीत खुपसून घेतले.

आणखी एक नाव त्या ओव्यांत येई. मुलीचे. आमच्या घरात त्या नावाची कोणीच नव्हती. ते नाव आले की काकीचा सूर वर जाण्याऐवजी खाली उतरे, आणि आई पुढची ओळ उचलीत नसे. नुसते जाते ओढी. ते नाव कोणाचे, हे मी कोणाला विचारले नाही. पुढे केव्हातरी मोठ्या माणसांच्या तुटक बोलण्यातून उमगले की, माझ्या जन्माआधी काकीला एक मुलगी झाली होती आणि दोन वर्षांची होऊन ती तापाने गेली. घरात तिच्याबद्दल शब्द निघत नसे. तिचा फोटो नव्हता, बाहुले नव्हते. ती होती ती फक्त पहाटे चार ते सहा, जात्यापाशी.

१९६१ च्या सुमाराला गावात तेलाच्या इंजिनावरची गिरणी आली. गिरणीचे पीठ कढत येते, त्याच्या भाकरीला चव नाही, अशी कुरकुर पहिले काही महिने झाली; मग ती बंद झाली आणि जातीही बंद झाली. ह्यात हळहळण्यासारखे काही आहे असे निदान मी तरी म्हणणार नाही. आईच्या तळहातांचे घट्टे मी पाहिले होते. रंगमंचावर नक्षीदार जाते मांडून, त्यात दाणाही न टाकता, लोकगीतांचे कार्यक्रम करणाऱ्यांना त्या घट्ट्यांबद्दल एकदा सांगावे असे वाटते. पण जात्याबरोबर ओव्याही उठून गेल्या, हेही खरेच. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहात घरबसल्या ऐकता येऊ लागल्या. मी त्या ऐकतो. कोण्या अनोळखी बाईचा भाऊ घोड्यावरून येतो आणि मला आमचा मामा दिसतो.

१९८४ साली मी पुण्याला नोकरीवर होतो. नवा टेपरेकॉर्डर घेतला आणि दिवाळीला गावी जाताना पिशवीत घालून नेला. आई त्यापूर्वीच गेली होती. काकीने सत्तरी गाठली होती. तिला खुर्चीवर बसवून मी म्हटले, "काकी, जात्यावरच्या ओव्या म्हण की."

तिने बरेच आठवून पाहिले. मग हसली. "आता कुठलं आठवतंय, बाळा? हात रिकामा आसला का तोंडबी रिकामंच."

तेव्हा आम्ही परसातून जाते उचलून आणले. त्यावर पाण्याचा रांजण ठेवलेला असे. जाते धुतले, पुसले. रिकामे जाते फिरवू नये म्हणून सुपात दोन मापे ज्वारी घेतली. समोर माझी पत्नी बसली. तिला जात्याची सवय नव्हती, पण काकीच्या हाताबरोबर तिचाही हात फिरू लागला. चारपाच फेरे झाले असतील. काकीने डोळे मिटले, आणि पंचवीस वर्षांची ओवी जशी काल थांबली होती तशी पुढे सुरू झाली. पंढरी आली. सीता आली. घोड्यावर बसून भाऊ आला. गेलेल्या आईचे नाव आले, तेव्हा माझ्या पत्नीने माझ्याकडे पाहिले. मी मात्र दुसऱ्याच नावाची वाट पाहत होतो. ते आले नाही. तीस मिनिटांची बाजू संपली आणि टेपरेकॉर्डरची कळ खट्‌कन वर आली.

"सरलं व्हय तुझं?" काकीने विचारले.

"एक बाजू सरली. आणखी आहेत का ओव्या?"

"हायत की," पाळीवरचे पीठ हाताने सारखे करीत ती म्हणाली. "पर त्या काय चारचौघांत म्हणायच्या न्हवंत."

सुपात अर्धेअधिक दाणे तसेच राहिले होते. ते उद्या गिरणीत टाकू, असे ठरले.

पहाटे मला जाग आली ती बरगड्यांतल्या घरघरीने. भिंतीपलीकडे काकी एकटीच बसली होती. एका हाताने ओढल्यामुळे जाते अडखळत होते. आवाज थकलेला, पण सूर तोच. थोड्या वेळाने तो खाली उतरला, आणि ते नाव आले. एकदा आले, पुन्हा आले. टेपरेकॉर्डर माझ्या उशाशी होता, फितीची दुसरी बाजू कोरी होती. मी हात वाकळीबाहेर काढला नाही. पत्नीही जागी होती. तीही हलली नाही.

सकाळी त्याच पिठाच्या भाकरी झाल्या. जात्याला कित्येक वर्षांत टाकी लागली नव्हती, त्यामुळे दातांखाली थोडी कचकच येत होती. काकीने विचारले, "कशी झालीय?"

"चांगली झालीय," मी म्हटले, आणि आणखी अर्धी मागून घेतली.