मोडलेल्या मंगनीची इद्दत

तलाक झाला तर इद्दत असते. नवरा वारला तर चार महिने दहा दिवसांची. मंगनी मोडली तर मात्र काहीच नसतं, कारण निकाहच झालेला नसतो. दुसऱ्या दिवशी डबा भरून कामाला जायचं. मीही गेले.

२०१६ सालची गोष्ट. मुलगा चाकणच्या एका कंपनीत होता. सव्वा वर्ष मंगनी टिकली. ईदला दोन्ही घरांतून कपडे गेले-आले. मग एके दिवशी त्यांच्याकडचे मामू आले, चहा घेतला आणि अंगठी परत मागितली. मला कुणी बाहेर बोलावलंही नाही. ‘‘जाने दे बेटा, अल्लाने बचाया,’’ अम्मी म्हणाली. अब्बांनी विषय बंद केला. बी.एड. झालेली, सातवीच्या मुलींना उर्दू शिकवणारी मी. माझ्याच मंगनीबद्दल एक शब्द बोलले नाही. आम्ही भोसरीत राहतो. पहाटे पहिल्या पाळीच्या बसेस चाकणकडे निघाल्या की माझी झोप उडायची.

त्या दिवसांत खालाच्या मुलीने मोबाइलवर ‘जब वी मेट’ लावला. इम्तियाज अलींचा हा सिनेमा २००७चा. पूर्वी पाहिला तेव्हा करीना कपूरच्या गीतची बडबडच लक्षात राहिली होती. या वेळी दुसरीच गीत दिसली. भटिंड्याच्या घरातून पळून ती मनालीला अंशुमनकडे जाते. तो तिला नाकारतो. नऊ महिने ती घरी तोंड दाखवत नाही, सिमल्याच्या शाळेत शिक्षिका होऊन राहते. एवढी बोलकी मुलगी, पण आता गप्प. शिकवते आणि परत येते. ही तर मीच! फळ्याकडे तोंड केलं की डोळे पुसता येतात, हे मला ठाऊक होतं.

मग शाहिद कपूरचा आदित्य तिला शोधत येतो. पूर्वी तो खचलेला असताना तिनेच त्याला जुन्या प्रेयसीचा फोटो जाळायला लावलेला असतो. आता तो तिला सांगतो, अंशुमनला फोन लाव आणि मनसोक्त शिव्या दे. ती आधी बिचकते, मग सुटते. आम्ही दोघी खूप हसलो. हसता हसता मला रडू कोसळलं.

बहिणीने फोन माझ्या हातात दिला. ‘‘लगाओ, बाजी.’’ नंबर पाठ होता. पण फोन बंद; तो पाळीवर असावा. रेकॉर्ड केलेली बाई तेच तेच सांगत राहिली. मी त्या बाईलाच सगळं ऐकवलं. शिव्याही शिक्षिकेच्याच : बेअदब, नालायक! बहीण हसून लोळली. दारात अम्मी उभी होती. ती रागावली नाही. आत येऊन बसली आणि पहिल्यांदाच विचारलं, ‘‘दिल बहुत दुखा क्या?’’

सिनेमाला घाई असते. गीतचं दुःख संपतं तेव्हा आदित्य हजर असतो, शेवटी लग्नही होतं. माझ्या दारात कुणी उभं नव्हतं. तरी त्या रात्री मी झोपले, आणि सकाळची बस कधी गेली ते कळलं नाही.

गेल्या वर्षी वर्गातल्या एका मुलीच्या आपाची मंगनी मोडली. मी घरी गेले. बायका जमल्या होत्या. अल्लाने बचाया, म्हणत होत्या. मुलगी आतल्या खोलीत भांडी लावत होती. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि अम्मीने मला विचारलं होतं, तेच विचारलं.